डॅम्पर कुणी फिरवला

खानापूरकडच्या एका डक्टच्या मिस्त्रींच्या बिलातून बेंगळुरातल्या राजाजीनगरच्या एका हॉस्पिटलच्या कामात ४०,००० रुपये कापले गेले. कागदावर कारण होतं 'डक्ट लीकेज'. डक्ट, म्हणजे एसीची हवा नेणारा पत्र्याचा मार्ग, कुठेही लीक नव्हता. मी तो मोजला होता, आकडे लिहून सही करून दिले होते. तरी कापले ते कापलेच. या गोष्टीला काही वर्षं झाली, पण कॉर्ड रोडने जाताना ते हॉस्पिटल दिसलं की अजून संताप होतो.

माझं काम एअर बॅलन्सिंगचं. एसीची यंत्रणा बसवून झाली की प्रत्येक खोलीत ठरल्याइतकी हवा पोचते का ते मोजायचं. नसेल पोचत तर डक्टमधले डॅम्पर, म्हणजे पत्र्याच्या झडपा, कमी-जास्त उघडून ती जुळवायची. मूळची मी सोलापूरची, नोकरी मुंबईत धरली, लग्नानंतर बेंगळुरात आले.

राजाजीनगर हा जुन्या आखणीचा भाग. एकीकडे इंडस्ट्रियल इस्टेट, मध्ये ईएसआयचं मोठं रुग्णालय, २०१४ पासून मेट्रो, आणि आतल्या रस्त्यांवर 'थर्टी-फॉर्टी'च्या साइटवरची, म्हणजे तीस बाय चाळीस फुटांच्या प्लॉटवरची घरं. अशाच दोन शेजारच्या साइटवरची इमारत वाढवून एका हाडांच्या डॉक्टरांनी हॉस्पिटल काढलं होतं. वरच्या मजल्यावर ऑपरेशन थिएटर, त्याच्यावर गच्चीत एअर हँडलिंग युनिट. इमारत मुळात घरासाठी बांधलेली, त्यामुळे उंची बेताची. बीमखालून डक्ट न्यायला जागा नव्हती म्हणून तो चपटा करून, दोन ठिकाणी वळवून आणलेला. पत्र्याचं काम मात्र देखणं होतं. फ्लँजला गॅस्केट नीट, कोपऱ्यांत सीलंट भरलेलं, वळणात आतल्या पट्ट्यासुद्धा बसवलेल्या. अशा पट्ट्या बसवायचा कंटाळा करणारे पुष्कळ पाहिलेत.

बेंगळुरात एक वाक्य हमखास ऐकू येतं, आमच्या गावाला एसी कशाला लागतो! घराला नसेलही लागत. ऑपरेशन थिएटरची गोष्ट निराळी. तिथे गारव्याइतकंच महत्त्व असतं हवा कुठून येते आणि कुठे जाते याला. हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या 'एनएबीएच'च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे थिएटरमधली हवा तासाला निदान वीस वेळा बदलायला हवी, त्यात चार वेळची हवा बाहेरची ताजी. आणि आतला दाब शेजारच्या भागापेक्षा निदान २.५ पास्कलने जास्त हवा. २.५ पास्कल म्हणजे पाव मिलिमीटर पाण्याचा दाब, इतका अल्प. पण तेवढा असला की दाराच्या फटीतून हवा सतत बाहेर जाते, कॉरिडॉरमधली धूळ आणि जंतू आत येत नाहीत. गुडघा उघडा करून त्यात धातूचा सांधा बसवतात, तेव्हा त्या पाव मिलिमीटरवर किती अवलंबून असतं ते डॉक्टरांनाच विचारावं.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा फॉल्स सिलिंग बंद होऊन रंगही लागला होता. हा उलटा क्रम मी आता जागोजाग पाहते. आधी हवा जुळवायची, मग सिलिंग बंद करायचं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण उद्घाटनाचा मुहूर्त ठरलेला असतो, आणि सिलिंग बसवणाऱ्या जिप्समवाल्यांना पुढच्या साइटवर जायचं असतं.

उपकरणं काढायच्या आधी मी दाराच्या फटीशी उदबत्ती धरते. धूर थिएटरच्या आत ओढला गेला. म्हणजे सगळं उलट! कॉरिडॉरची हवा, आणि त्या कॉरिडॉरच्या टोकाला टॉयलेट होतं, थेट ऑपरेशनच्या खोलीत.

आत जाणारी हवा मोजली. तिथे सोळाशे सीएफएम यायला हवी होती, म्हणजे मिनिटाला तेवढे घनफूट. आली जेमतेम नऊशे. परत जाणारी मात्र तेराशेच्या वर. जाते जास्त, येते कमी, तेव्हा उरलेली फटीतूनच ओढली जाणार. ठेकेदाराच्या साइट इंजिनिअरने बॅलन्सिंगचा रिपोर्ट आधीच टाइप करून ठेवला होता, त्यात आकडा होता १,५९०. मला फक्त सही करायची होती.

मी नाही म्हटल्यावर त्याने पाच मिनिटांत निदान केलं: "मॅडम, डक्ट लीक आहे. मिस्त्रीचं काम कच्चं आहे."

मिस्त्री तिथेच उभे होते. पन्नाशी ओलांडलेले, मराठी बोलणारी म्हणून मला ताई म्हणायचे. ते इंजिनिअरला काही बोलले नाहीत. तो गेल्यावर म्हणाले, "ताई, एकेक जोड मी सोता बघितलोय. हवा जायला वाट न्हाई कुठं."

मी शब्दावर विश्वास ठेवत नाही, मोजते. गच्चीवरच्या डक्टला भोक पाडून आतला दाब घेतला. तिथे साडेचारशे पास्कलच्या आसपास अपेक्षित होता, निघाला साडेसहाशे. हे थोडं सविस्तर सांगते, कारण मिस्त्रींवरच्या आरोपाचा निकाल याच आकड्यात होता. डक्ट फुटका असेल तर हवा वाटेत निघून जाते आणि पंख्यापुढचा दाब उतरतो. दाब चढलेला आणि हवा कमी, असं दिसलं तर पुढे कुठेतरी वाट अडलेली असते. लीक असताना दाब वाढत नाही. आमच्या कामातली ही बाराखडी आहे, त्या साइट इंजिनिअरलाही ती शिकवलेली असणार.

पिटोट नळीने वेगही तपासला. हेन्री पिटोट नावाच्या फ्रेंच माणसाने १७३२ मध्ये सीन नदीच्या पाण्याचा वेग मोजायला ही नळी बनवली, आम्ही अजून तीच वापरतो. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटरवर, त्यामुळे इथली हवा मुंबईपेक्षा साधारण एक दशांशाने विरळ. मुंबईचं सूत्र जसंच्या तसं लावलं तर वेग पाच-सहा टक्के कमी दिसतो. इंजिनिअरने याच फरकाकडे बोट दाखवलं, तुमचं गणितच चुकतंय म्हणाला. दुरुस्ती मी धरलेली होती. आणि पाच-सहा टक्क्यांनी सोळाशेचे नऊशे होत नाहीत.

मग उपाय सुरू झाले. पहिला, पंख्याचा वेग वाढवा. पंख्याचा नियम असा, की हवा वेगाच्या प्रमाणात वाढते, दाब वर्गाच्या आणि वीज घनाच्या प्रमाणात. नऊशेचे सोळाशे करायला वेग जवळजवळ पावणेदोन पट हवा, म्हणजे साडेपाच पटीच्या आसपास वीज. मोटर जळाली असती. दुसरा उपाय त्यांनी मला न विचारताच केला. परतीच्या हवेची जाळी बहुतांश बंद करून टाकली. आत येणाऱ्या हवेला जायला जागा उरली नाही, खोली फुगली आणि दारावरच्या गेजने अधिक पाच पास्कल दाखवले. इंजिनिअरने गेजचा फोटो काढून सगळ्यांना पाठवला. प्रश्न सुटला!

सुटला कसा? खोली चार हजार घनफुटांची. आत येणारी हवा नऊशेच्या वर गेलेलीच नव्हती. तासाला वीसच्या जागी तेरा-चौदा वेळा हवा बदलत होती. माणसं आणि दिवे आल्यावर खोली गारही राहिली नसती. थिएटरच्या दारावर गेज हवाच असं मी वर्षानुवर्षं सांगत आले होते. त्या दिवसापासून ते सांगताना अडखळते. लोक हवा सोडून काट्याचीच सोय लावतात. २०२० मध्ये कोविडचे कक्ष घाईने उभे राहिले. तिथे थिएटरच्या उलट, बाहेरच्यापेक्षा कमी दाब लागतो. त्या वेळीही दोन-तीन ठिकाणी मला असाच नुसता काटा खूश केलेला दिसला.

ठेकेदाराचा फोन आला. माझी फी तोच देणार होता, त्यामुळे आवाजात तो हक्क होता. मी सरळ डॉक्टरांकडे गेले. त्यांना सीएफएम सांगून उपयोग नव्हता. म्हटलं, "डॉक्टर, पेशंटचं बीपी वाढलंय आणि पायाला रक्त पोचत नाहीये. तुम्ही काय म्हणाल, रक्तस्राव होतोय?" ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. "ब्लॉक कुठे आहे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सिलिंगच्या वर, बघायला ते कापावं लागेल.

नवीन रंगवलेलं सिलिंग कापायला कुणी तयार नव्हतं. शेवटी डॉक्टर स्वतः तिथे उभे राहिले तेव्हा चौकोन कापला गेला. मिस्त्री शिडीवर चढले, आत बॅटरी मारली आणि काही न बोलता खाली उतरले. मग मी चढले. मुख्य डक्टच्या डॅम्परचा दांडा जवळपास पूर्ण बंदच्या बाजूला फिरवलेला होता, आणि तो तसाच राहावा म्हणून सिलिंगच्या तारेने त्याच्या सांगाड्याच्या चॅनेलला बांधलेला. उघड्या स्थितीत तो दांडा चॅनेलच्या आड येत होता, म्हणून जिप्समवाल्याने फिरवून टाकला. डॅम्परच्या पुढचा दाब घेतला, तो दीडशेच्या आसपास. अलीकडे साडेसहाशे, पलीकडे दीडशे. तार कापली, दांडा उघडला, परतीची जाळी पूर्ववत केली आणि पुन्हा हवा जुळवली. सोळाशेच्या अगदी जवळ आली, खोलीत दाबही व्यवस्थित उभा राहिला. उदबत्तीचा धूर कॉरिडॉरकडे निघाला.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पुढच्या बैठकीत हिशेब निघाला, त्यात मिस्त्रींच्या नावावर 'डक्ट लीकेज'ची ४०,००० रुपये कापणारी डेबिट नोट तशीच होती. मी विचारलं, आता कशाचं लीकेज? ठेकेदाराचा प्रोजेक्ट मॅनेजर म्हणाला, लीकेज नाही तर उशीर झाला ना, आणि सिलिंग पुन्हा करायचा खर्च आला ना. मी म्हटलं, उशीर दांडा फिरवल्याने झाला आणि खर्च सिलिंग लवकर बंद केल्याने. तो म्हणाला, डॅम्पर कुणाचा? मिस्त्रीचा. त्याच्याजवळ झडप उघडायला दार का नव्हतं? मी ड्रॉइंग पुढे केलं. त्यात ते दार दाखवलेलं होतं आणि ते करायचं काम सिलिंगवाल्यांचं होतं. त्याने ड्रॉइंग बघितलंही नाही. "मॅडम, तुमचा विषय हवा आहे, बिल नाही." सिलिंगच्या कंपनीशी ठेकेदाराचं पुढचं मोठं काम ठरलेलं होतं, मिस्त्री एकटे. एवढंच त्यातलं इंजिनिअरिंग.

दांडा फिरवणाऱ्या पोराचा मला आधी फार राग आला होता. पुढे वाटलं, त्याला कुणी सांगितलं होतं हा दांडा काय आहे ते? त्यावर साधी चिठ्ठीही नव्हती. तरी तारेने बांधताना एकदा खाली विचारायला काय हरकत होती, हेही मनातून जात नाही.

मिस्त्रींना मी म्हटलं, लेखी तक्रार करा, माझे आकडे जोडा. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे ताई. पुढचं काम त्येनीच देनार." आणि खरोखर काही महिन्यांनी ते त्याच ठेकेदाराकडे पीण्या भागातल्या एका साइटवर दिसले. तेव्हा मला त्यांचाच राग आला. चार पोरांचे पगार ज्याला द्यायचे त्याने काय करायचं, हे मला कळतं. तरी तो राग पुरता गेलेला नाही.

मला त्या ठेकेदाराने पुन्हा बोलावलं नाही.

ओळखीत कुणी हॉस्पिटल बांधत असेल तर त्यांना एवढं सांगा. हवा जुळल्याशिवाय सिलिंग बंद करू देऊ नका. प्रत्येक डॅम्परखाली उघडता येणारं दार ठेवून घ्या आणि दांड्यावर खूण करून घ्या. नुसत्या गेजचा फोटो आला तर आत किती हवा येते तो आकडा मागा. आणि मोजणाऱ्याची फी ठेकेदारामार्फत देऊ नका, स्वतः द्या.