थांबणारी गाडी

पहिली लोकल गेली की आजी तुळशीला पाणी घालायची. दुसरीचा आवाज आला की काकू तवा उतरवायच्या, कारण त्यानंतरच्या गाडीला वडील आणि धाकटे काका डबे घेऊन पळायचे. वडील खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत, काका पिंपरीच्या पेनिसिलीन कंपनीत. मावळातल्या वडगावच्या त्या घरात आम्ही सख्खी-चुलत मिळून सात भावंडं वाढलो. भिंतीवर घड्याळ होतं, पण ते मागं पडायचं आणि लावलं जायचं तेही गाडीच्या आवाजावर.

पुणे-लोणावळा लोकल ११ मार्च १९७८ ला सुरू झाली. ताई तेव्हा नववीत होती, मी पाचवीत. त्याआधी शटल होती, पुढे इंजिन आणि मागे डबे. लोणावळ्याला पोचलं की इंजिन सोडायचं, शेजारच्या रुळावरून फिरवून दुसऱ्या टोकाला जोडायचं, मग परत निघायचं. लोकलला यातलं काही लागत नाही, हे थोरल्या काकांनी आम्हाला ओसरीवर काड्यापेट्या रांगेत मांडून समजावलं होतं. मोटरी डब्यांच्या पोटाखाली, चालवायची केबिन दोन्ही टोकांना. दोन काड्या घेतल्या, एक मोटरमन, एक गार्ड. या टोकाची काडी त्या टोकाला नेली, त्या टोकाची या टोकाला आणली. ‘झाली गाडी उलटी!’ म्हणाले. अशी गाडी चटकन वेग घेते, चटकन थांबते. म्हणून घोरावाडी, बेगडेवाडी, कान्हे अशा लहान लहान ठिकाणी थांबणं तिला परवडतं.

तारा मात्र डोक्यावर केव्हाच्या होत्या. दख्खनची राणी १ जून १९३० ला सुरू झाली ती विजेच्या इंजिनावरच. आजोबा सांगायचे, लावणी करताना कंबर मोडलेली असायची, पण ती गाडी आली की सगळं खाचर उभं राहून बघायचं. ती वडगावला थांबायची नाही. अठ्ठेचाळीस वर्षं नव्यातली नवी गाडी आमच्या बांधावरून गेली, आणि आमच्या रोजच्या जाण्यायेण्यासाठी म्हणून घडवलेली विजेची गाडी दारी आली ती १९७८ ला. नवं यंत्र निघणं वेगळं आणि ते आपल्या फलाटावर थांबणं वेगळं. मला विचाराल तर घर बदलतं ते दुसऱ्यानं.

कारण ताई कॉलेजात गेली ती त्या थांबण्यामुळे. त्याआधी आमच्या घरातल्या मुलीला मॅट्रिकनंतर शिकायचं तर पुण्यात आत्याकडे राहावं लागे, आणि आत्याचं घर दोन खोल्यांचं. ताईच्या वेळी घरात बैठक बसली. आजी सगळ्यांचं ऐकत होती. तिनं एकच विचारलं, “संध्याकाळी परतीची गाडी आहे ना?” आहे म्हटल्यावर विषय संपला.

ताईनं पहिल्या दिवशीचं तिकीट अजून जपलंय. ते पुठ्ठ्याचं तिकीट आता कुणाला आठवत असेल? दोन बोटांत मावणारं, पण नखानं वाकणार नाही इतकं जाड. खिडकीतल्या बाबूंनी ते यंत्रात सारून तारीख उमटवायची, तो खट्ट आवाज रांगेत मागेपर्यंत यायचा. ताईच्या तिकिटावरची शाई उडाली, पण तारखेचा ठसा बोटाला अजून लागतो.

डब्यात आख्खा मावळ असायचा. खिडकीच्या गजांना बाहेरून अडकवलेल्या दुधाच्या किटल्या, कामशेतच्या भाजीवाल्यांच्या पाट्या, एका डब्यात टाळ-भजन. वडगावच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ ला इंद्रायणी आला. मग पुण्यातल्या नातेवाइकांसाठी कुणाच्या ना कुणाच्या मांडीवर तांदळाची पिशवी आलीच.

पुढे पगार वाढले. घरात स्कूटर आली, मग मोटारसायकली. २००२ ला द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि मुंबई-पुण्याच्या गोष्टी गाडीच्या किल्लीवर येऊन ठेपल्या. आज त्याच अंगणात पाच दुचाक्या आणि एक मोटार उभी असते, तुळस कोपऱ्यात सरकवावी लागली. हे आम्ही सातही जणांनी केलं. पासवर वाढलेली ही पिढी, तिनंच पास सोडला, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून आता जे होतंय त्याकडे मी जीव लावून बघतो. २०१९ पासून निगडी डेपोतून पीएमपीच्या विजेच्या बस सुटू लागल्या. एसटीची पहिली बस १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला गेली होती. विजेवरची पहिली ‘शिवाई’ २०२२ ला त्याच तारखेला, त्याच रस्त्यानं धावली. आणि दख्खनच्या राणीचीही तारीख तीच! माझी पुतणी वडगावहून लोकलनं शिवाजीनगरला उतरते, तिथून जमिनीखालच्या मेट्रोनं सिव्हिल कोर्ट, मग गाडी बदलून गरवारे कॉलेज. तीच मला सांगते की मेट्रोनं ब्रेक लावला की मोटर उलट वीज तयार करते आणि ती तारेत परत जाते. थोरले काका असते तर काड्यापेट्या काढून बसले असते.

पण तिची लोकल धावते ती एक्स्प्रेस आणि मालगाड्यांच्या त्याच दोन रुळांवर. फेऱ्या वाढवायला जागाच नाही. तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेला २०२५ ला राज्य मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली, ती कागदावरून जमिनीवर लवकर यायला हवी. आणि कान्ह्याला उतरलेल्या माणसाला टाकव्याकडे, आत आंदर मावळात न्यायला एक छोटी विजेची बस फलाटाबाहेर उभी हवी. ती असली तर तिथल्या अंगणातली एक तरी दुचाकी कमी होईल, असं मी पुतणीला म्हणालो. ती म्हणाली, “काका, आधी आपल्या अंगणातली.”

मग दिवाळीत आम्ही सातही भावंडं किल्ल्या घरी ठेवून लोकलनं लोणावळ्याला गेलो. पाय दुखतात म्हणणारी ताईही आली, नातवाला घेऊन. गाडी रिकामी झाली. मोटरमन आपली बॅग घेऊन पुढच्या केबिनमधून उतरला, गार्ड मागच्या. दोघं फलाटावरून एकमेकांकडे चालत निघाले, मध्यावर भेटले, काहीतरी बोलले आणि आपापल्या टोकाकडे गेले. ताईनं नातवाला उचलून घेतलं होतं. मोटरमन दिसेनासा होईपर्यंत तिनं त्याला खाली ठेवलं नाही.