खाऱ्या पाण्यातलं घड्याळ

आजोबांचं घड्याळ हातात घालून मी समुद्रात डुंबलो आणि ते बंद पडलं! घाबरून दोन दिवस दप्तरात लपवून ठेवलं. त्यातच स्कॉट कार्पेंटरच्या घड्याळाची गोष्ट वाचनात आली.

२४ मे १९६२ रोजी हा अमेरिकी अंतराळवीर ‘अरोरा ७’ यानातून पृथ्वीभोवती ३ फेऱ्या मारून आला. तिथे दर दीड तासाने सूर्य उगवतो. मग सकाळचे सहा की संध्याकाळचे, कळणार कसं? म्हणून त्याने ब्राइटलिंग कंपनीकडून वैमानिकांच्या क्रोनोग्राफला, म्हणजे स्टॉपवॉच असलेल्या घड्याळाला, २४ तासांची तबकडी बसवून घेतली होती. परतताना यान समुद्रात उतरलं आणि खाऱ्या पाण्याने घड्याळ कामातून गेलं. तरी ते तसंच जपून ठेवलंय. २०२२ साली त्याच्या आठवणीसाठी कंपनीने तशी फक्त ३६२ घड्याळं काढली. पण मला विचाराल तर खरं मोलाचं ते गंजकंच!

धीर करून आजोबांना सगळं सांगितलं. कार्पेंटरचीही गोष्ट ऐकवली.

“अरे, तो पृथ्वीला फेऱ्या मारून आला. तू तर गुडघाभर पाण्यात!” आजोबा हसले. मग म्हणाले, “पण लपवलंस ते आवडलं नाही हं. चल, घड्याळजीकडे जाऊ.”