उपसर्ग

वर्गात उपसर्ग शिकवताना मी नेहमी 'हार' हा शब्द घेतो. त्याच्या आधी 'आ' बसला की जेवण मिळते, 'वि' बसला की फिरायला जाता येते आणि 'सं' बसला की सर्वनाश! मुले हसतात. मग 'उपसर्ग' या शब्दाचा दुसरा अर्थ सांगतो: त्रास, पीडा. हे दोन्ही अर्थ एका दिवशी एकदमच माझ्या अंगावर येतील, असे मात्र कधी वाटले नव्हते.

दोन वर्षांपूर्वीची वार्षिक परीक्षा. आम्हा पर्यवेक्षकांचे मोबाइल नियमाप्रमाणे कपाटात कुलूपबंद. मुलांना पाणी देत फिरणारे आमचे शिपाईमामा एकाएकी छाती दाबून दारातच बसले. कपाळावर घामाचे थेंब. सहकाऱ्याला त्यांच्यापाशी बसवून मी कार्यालयातल्या टेलिफोनकडे धावलो आणि रुग्णवाहिकेसाठी 108 दाबले.

पलीकडून शांत, पोक्त आवाज आला, "ग्रंथालय."

"अहो, छातीत कळ आलीय! लगेच गाडी पाठवा!"

"सर, तुम्हीच ना? मी ग्रंथालयातून बोलतेय. आधी शून्य दाबा, शून्य!"

बाहेर फोन लावायचा तर आधी शून्य, हे मला ठाऊक नव्हते थोडेच? त्याच शून्याच्या आधाराने अठरा वर्षे मी घरी 'उशीर होईल' असे कळवत आलो होतो. पण घाबरलेल्या बोटांना तेवढे कुठले भान?

गाडी आली, मामा वाचले. मला मात्र तो शून्य झोपू देईना. शेवटी यंत्राची देखभाल करणाऱ्या तरुणाला गाठले. तो म्हणाला, "सर, यंत्र पहिला आकडा बघतं. शून्य आला की बाहेरची लाइन देतं. तुमचे आतले नंबर एकपासून सुरू होतात, म्हणून 108 म्हणजे त्याच्या लेखी ग्रंथालय."

"मग शून्यच काढून टाका!"

"काढता येतो. पण मग बाहेरचा कुठलाच नंबर ज्या आकड्यानं सुरू होत नाही, तो आतल्या नंबरांना द्यावा लागेल. नाहीतर आणखी आकडे येतायत का, म्हणून यंत्र काही सेकंद वाट बघत बसेल."

त्या रात्री याच विषयावर वाचत असताना एक हकीकत हाती लागली. डिसेंबर 2013 मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात, मार्शल गावच्या एका मोटेलात, एका स्त्रीवर तिच्यापासून दुरावलेल्या नवऱ्याने हल्ला केला. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने शिकवल्याप्रमाणे खोलीतल्या फोनवरून 911 लावला. एकदा नव्हे, चारदा. तेथे बाहेरच्या लाइनसाठी आधी आणखी एक 9 लागत होता. हे त्या पोरीला कोण सांगणार? आई वाचली नाही. मुलीचे आजोबा मात्र स्वस्थ बसले नाहीत. 2018 मध्ये तेथे कायदा झाला. 16 फेब्रुवारी 2020 नंतर बसवलेल्या अशा यंत्रणांतून 911 थेट लागलाच पाहिजे, असे तो सांगतो. त्या कायद्याला नाव आहे त्या आईचेच: 'कॅरीज लॉ'.

ही हकीकत मी प्राचार्यांना सांगितली. ते काही बोलले नाहीत. त्यांनी त्या तरुणालाच बोलावून घेतले. आतले सारे क्रमांक आता दोनपासून सुरू होतात. ग्रंथालय 208 झाले. एरवी बाहेर बोलायला शून्य लागतोच, पण 108 आणि 112 हे दोन क्रमांक शून्याशिवाय सरळ बाहेर जातात. काम तासाभराचे होते. ते इतकी वर्षे राहिले, कारण आम्हा घरच्या माणसांना शून्य पाठ होता. पाहुण्याचा आणि पोराचा विचार कोणी केलाच नव्हता.

मामा पुन्हा कामावर आले तेव्हा म्हणाले, "सर, माझ्यापायी शून्य काढलात म्हणे?"

"काढला, मामा."

वर्गात आजही मी 'हार' घेतो. पण शेवटी सांगतो, काही शब्द उपसर्गावाचूनच बरे. 'धावा' हा त्यांतला एक.