शुगर आणि रोजा : दोन तासांचा हट्ट

2019 चा रमजान मे महिन्यात आला होता. नागपूरचा मे काय असतो ते वेगळं सांगायला नको. पारा पंचेचाळीसच्या वर, रोजा चौदा तासांहून मोठा. दुपारी साडेचारच्या सुमारास सीए रोडवर माझा एक जुना मित्र गाडी बाजूला लावून बसलेला दिसला. मोमिनपुऱ्यात राहतो, बाइंडिंगचं काम करतो. अंगाला दरदरून घाम, हात थरथरत होते, बोलणं तुटक.

मला स्वतःला शुगर आहे, त्यामुळे ग्लुकोमीटर बॅगेतच असतो. त्याचं बोट टोचलं. आकडा आला 54.

म्हटलं, पाणी पी, साखर घे. तर म्हणतो, "दो घंटे तो बचे है भाऊ, हो जाएगा."

मी काय बोलणार? मी त्याच्या धर्माचा नाही. रोजा तोड म्हणायचा मला काय अधिकार, हे तेव्हा खरंच मनात आलं, आणि त्यात दोन-तीन मिनिटं गेली. आज त्याचीच लाज वाटते. शेवटी वहिनींना फोन लावला. त्या म्हणाल्या, "उनको बोलो पहले शक्कर-पानी पिओ, बाकी बात बाद में." मग प्याला. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं तर 81.

नंतर कळलं की भाऊ ग्लिमेपिराइडची गोळी सेहरीला घेत होते. रोजच्या नाश्त्याची गोळी, म्हणून सेहरीला. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोट रिकामं असलं तरी. रमजानात डॉक्टर ती बहुधा इफ्तारच्या वेळेवर नेतात, डोसही कमी करतात. पण हे विचारायला आधी डॉक्टरकडे जावं लागतं. त्याच्या डॉक्टरांनी एका वाक्यात "रोजा ठेवू नका" म्हटलं होतं, म्हणून त्याने पुढे त्यांना काही सांगितलंच नाही. असे लपवणारे फार आहेत मित्रांनो. 2001 मध्ये 13 देशांत एपिडायर नावाचा मोठा अभ्यास झाला. त्यात टाइप टू चे साधारण 79 टक्के मुस्लिम रुग्ण रोजे ठेवत होते, आणि शुगर धोकादायकरीत्या घसरण्याचं प्रमाण रमजानात साडेसात पट झालं होतं. म्हणजे नुसतं "ठेवू नका" म्हणून भागत नाही.

मी उपदेश करत नाहीये. आमच्या घरी आषाढीला साबुदाण्याची खिचडी दणकून खातात आणि त्याला उपास म्हणतात, माझी शुगर त्या दिवशी तीनशेला टेकते.

बोट टोचल्याने रोजा तुटतो, हा गैरसमज अजून आहे. तुटत नाही. इंटरनॅशनल डायबिटीज फेडरेशनच्या रमजान मार्गदर्शिकेत हे स्पष्ट आहे, उलेमाही तेच सांगतात. शुगर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली तर रोजा तिथेच सोडायचा, घड्याळ बघायचं नाही. आजारी माणसाला सूट कुरआनातच आहे. नंतर कजा करता येतो, तेही जमत नसेल तर फिदया, म्हणजे गरिबाला जेवण. इन्सुलिनवाले, किडनीचा त्रास असलेले, नुकतीच शुगर घसरून गेलेले, यांनी तर विचारल्याशिवाय ठेवूच नये. आणि इफ्तारला भजी, शरबत, फिरनी सगळं एकदम नको. मोमिनपुऱ्याच्या गल्लीत रात्री हे अवघड आहे, मान्य. मलाच आवरत नाही.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. आता ऊन कमी, दिवस लहान, म्हणून शुगरवाल्यांची हिंमत वाढलीय. डॉक्टरकडे सहा ते आठ आठवडे आधी जायला सांगतात. शबे-बरातपर्यंत थांबलात तर पंधराच दिवस हातात राहतात. रज्जब लागला की जा. जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदींतून एवढं जाहीर झालं तरी पुष्कळ होईल, जाणत्यांनी मनावर घ्यावं.

मित्राने गेल्या वर्षी 22 रोजे ठेवले, मीटर खिशात ठेवून. बाकीच्यांचा फिदया दिला, वहिनींनी घरूनच डबे पाठवले. यंदा त्याने आधीच नंबर लावलाय. मीही सोबत जातोय, माझी तीन महिन्यांची टेस्ट कधीची राहिलीय.