२५० म्हटलं की शब्द दिला

मेल सर्व्हर बसवणं हे ऐकायला जेवढं भारी वाटतं तेवढं ते नाही. एक जुना पण धडधाकट कॉम्प्युटर, त्यावर लिनक्स, मेल घेण्या-देण्यासाठी पोस्टफिक्स, पेट्या सांभाळायला डव्हकॉट. सकाळी सुरू केलं तर चारच्या चहापर्यंत पहिला मेल आत येतो. कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत, शिवाजी उद्यमनगरातल्या वर्कशॉपांच्या माळ्यांवर, शाहूपुरीतल्या ऑफिसांत मी वर्षानुवर्षं हे काम करतो आहे. बसवण्यात मला फार कौतुक कधीच वाटलं नाही. कौतुक वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं: पलीकडचं मशीन ‘मेल घेतला’ असं नेमकं केव्हा म्हणतं आणि तसं म्हटल्यावर काय करतं.

हे डोळ्यांनी बघता येतं. हाताखाली नवीन मुलगा आला की मी त्याला आधी सेटिंग शिकवत नाही. टेलनेट उघडून सर्व्हरच्या २५ नंबरच्या पोर्टला जायला सांगतो. पलीकडून २२० येतं. आपण ‘हेलो’ म्हणून आपलं नाव सांगायचं, उत्तर २५०. मेल कोणाकडून, ते सांगायचं, २५०. कोणासाठी, ते सांगायचं, २५०. मग ‘डेटा’. त्यावर ३५४, म्हणजे बोला, ऐकतोय. आता विषय आणि मजकूर टाइप करायचा आणि शेवटी एका ओळीवर फक्त एक टिंब देऊन एंटर मारायचं. इथे किंचित खोळंबा होतो. मग पुन्हा २५०, आणि त्यापुढे रांगेतला नंबर. जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहून काढलेला हा संवाद. नंतर त्यात कुलपं वाढली, पडताळण्या वाढल्या, पण बोलण्याची रीत आजही तीच आहे.

टिंबानंतरचं ते २५० बाकीच्यांपेक्षा वेगळं. आधीची सगळी २५० म्हणजे नुसता हुंकार, हे मात्र कबुली. नियमच असा आहे की हे उत्तर दिल्या क्षणापासून मेलची जबाबदारी घेणाऱ्याची. एकतर तो पोचवा, नाहीतर का पोचला नाही ते पाठवणाऱ्याला कळवा. मधल्यामध्ये गडप करायचा नाही. पाठवणारं मशीनही हे उत्तर ऐकेपर्यंत आपली प्रत पुसत नाही.

वित्से वेनेमा यांनी आयबीएममध्ये असताना लिहिलेलं पोस्टफिक्स १९९८ मध्ये बाहेर आलं. ते मला आवडतं ते या कबुलीच्या बाबतीतल्या त्याच्या कडकपणामुळे. टिंब आल्यावर ते मेल फाइलमध्ये लिहितं आणि डिस्कला विचारतं की हे खरोखर उतरलं का. नुसतं मेमरीत असून चालत नाही. डिस्कने हो म्हटलं की मगच २५०. तो खोळंबा असतो तो याचाच. भारनियमनाच्या दिवसांत याची किंमत रोज कळायची. वीज टिंबाआधी गेली तर काही बिघडत नाही, पाठवणारा पुन्हा येतो. २५० नंतर गेली तरी बिघडत नाही, मेल डिस्कवर असतो. प्रश्न येतो तो अगदी मधल्या फटीत गेली तर: मेल लिहिला गेला, पण २५० पलीकडे पोचलंच नाही. अशा वेळी पाठवणारा तोच मेल पुन्हा देतो आणि घेणाऱ्याकडे दोन प्रती होतात. एका फौंड्रीतून डिस्पॅचच्या माणसाचा फोन आला होता, “साहेब, एकच ऑर्डर दोनदा आलीया. माल डबल काढू काय?” त्याला सांगितलं, खरेदी ऑर्डरचा नंबर बघा, एकच असेल तर माल एकदाच काढा. पण ही चूक ठरवून पत्करलेली आहे. ज्यांनी हे नियम केले त्यांच्यापुढे दोनच वाटा होत्या, मेल कधीतरी दोनदा पोचेल किंवा कधीतरी हरवेल. त्यांनी पहिली निवडली. कारखान्यात बसणाऱ्या कोणालाही विचारा, तोही तीच निवडेल.

हे सगळं थांबायची तयारी ठेवूनच बांधलेलं आहे. १९८०च्या दशकात मुंबईच्या जुहूला एनसीएसटी या संशोधन संस्थेत डॉ. श्रीनिवासन रमणी यांच्या गटाने ईमेल सुरू केली, तेव्हा आयआयटी पवईशी बोलायलासुद्धा साधी फोनलाइन आणि मोडेमच होता. लाइन लागेपर्यंत पत्रं रांगेत, लागली की एकदम देवाणघेवाण. सार्वजनिक इंटरनेट आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ला व्हीएसएनएलने आणलं. पुढे कोल्हापूरच्या कारखान्यांपर्यंत पोचलं तेव्हा तेही डायल-अपच होतं. आख्ख्या कंपनीला मिळून बाहेर एकच पेटी असायची. ऑफिसातलं लिनक्सचं मशीन ठरल्या वेळी फोन लावायचं, फेचमेल ती पेटी रिकामी करायचं आणि नावं बघून प्रत्येकाच्या टेबलावर मेल वाटायचं. जर्मनीहून आलेलं कास्टिंगचं ड्रॉइंग उतरायला लाइन बराच वेळ अडायची आणि मालक फोन उचलून किरकिर ऐकून पुन्हा ठेवायचे. पण मेल हरवल्याची तक्रार त्या दिवसांत मी क्वचितच ऐकली.

थांबण्याचा उपयोग राखणीलाही होतो. ४ने सुरू होणारं उत्तर म्हणजे ‘आत्ता नाही, नंतर या’. ५ने सुरू होणारं म्हणजे ‘येऊच नका’. अनोळखी सर्व्हर पहिल्यांदा आला की त्याला मुद्दाम ४५० सांगून परत पाठवायचं, ही ग्रेलिस्टिंगची युक्ती. खरा सर्व्हर थोड्या वेळाने पुन्हा येतोच, कारण पोचवण्याची कबुली त्याने आधीच कोणालातरी दिलेली असते. कचरा मेल पाठवणाऱ्याने कबुली कोणालाच दिलेली नसते. लाखो पत्त्यांवर एकदा फेकायचं आणि पुढे जायचं. त्यामुळे त्यातले बरेच जण दुसऱ्यांदा फिरकत नाहीत. याचा तोटा एकच, बँकेचा ओटीपी मेलवर मागवला असेल तर तो येईपर्यंत त्याची मुदत संपलेली असते. म्हणून अकाउंट्सच्या पेटीला ही राखण मी लावत नाही.

या थांबण्याची खरी परीक्षा येते ती पावसाळ्यात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू हमरस्ता आठवडाभर बंद पडला. शाहूपुरीतल्या एका गिऱ्हाइकाचं मशीन वरच्या मजल्यावर कोरडं होतं, पण वीज नव्हती, आणि यूपीएस काही महापुरासाठी बनवलेला नसतो. इथे पाच दिवसांचं गणित येतं. मेल पोचला नाही तर पोस्टफिक्स आधी काही मिनिटांनी, मग साधारण तासातासाने प्रयत्न करत राहतं आणि मुळात ठरवून दिल्याप्रमाणे पाच दिवसांनी हात टेकून पाठवणाऱ्याला परत कळवतं. जगातले बहुतेक सर्व्हर असेच चार-पाच दिवस धीर धरतात. म्हणजे वीज तीन दिवस गेली तर कोणाचंच काही जात नाही. मशीन सुरू झालं की मागचे सगळे मेल एकापाठोपाठ दारात हजर. आठवडा गेला तर मात्र पहिल्या दिवशीचे मेल उलटे गेलेले असतात.

यावरचा उपाय जुनाच आहे. डोमेनच्या नोंदीत मेल घेणारी दोन ठिकाणं लिहिता येतात, पहिल्याला १०, दुसऱ्याला २०. लहान आकडा आधी; तिथे कोणी उचललं नाही तर दुसरीकडे. दुसरं मशीन पुण्यात ठेवायचं, म्हणजे पंचगंगेशी त्याचा संबंध नाही, आणि त्याची धीर धरण्याची मुदत पाचाची पंधरा दिवस करायची. त्या गिऱ्हाइकाकडे हे पावसाच्या आधीच केलेलं होतं. पाणी उतरून वीज आली तेव्हा आठवड्याचा मेल पुण्याहून उतरायला लागला आणि चाकणच्या कंपन्यांच्या ऑर्डरी तारखेसकट मिळाल्या. जुलै २०२१ मध्ये रस्ता पुन्हा पाण्याखाली गेला, तेव्हा त्या ऑफिसातून मला कोणी फोनसुद्धा केला नाही.

पण दुसरं ठिकाण ठेवताना एक पथ्य आहे आणि ते पाळलेलं क्वचित दिसतं. पुण्यातल्या मशीनला इथल्या पेट्यांची यादी ठाऊक हवी. नसेल तर ते कोणत्याही नावाच्या मेलला २५० म्हणून बसतं आणि नंतर कळतं की अशी पेटीच नाही. मग नियमाप्रमाणे पाठवणाऱ्याला कळवायला जातं, आणि कचरा मेलवर पाठवणाऱ्याचं नाव तर खोटंच असतं. परिणामी कुठल्यातरी तिसऱ्याच निरपराध माणसाच्या पेटीत आपल्या नावाने ढिगाने नकारपत्रं जाऊन पडतात. कचरा पाठवणारे दुसऱ्या नंबरचं दार मुद्दाम शोधतात ते याचसाठी, तिथली राखण ढिली असते. जे पाळता येणार नाही त्याला दारातच ५५० म्हणावं. मेल सर्व्हरच्या कामातली सगळ्यात सभ्य गोष्ट म्हणजे वेळेवर दिलेला नकार.

हे झालं घेण्याचं. पाठवणं आता फार अवघड झालं आहे, विशेषतः घरच्या कनेक्शनवरून. अनेक कंपन्या २५चं पोर्ट बाहेर जाताना बंद ठेवतात. आयपी रोज बदलतो किंवा पन्नास घरांत मिळून एकच असतो, आणि अशा घरगुती पत्त्यांच्या याद्या स्पॅमहाउससारख्या संस्था ठेवतात. त्यांतला मेल मोठे सर्व्हर उघडूनही बघत नाहीत. म्हणून आधी स्थिर आयपी घ्यायचा. मग ज्यांच्याकडून तो घेतला त्यांच्याकडूनच आयपीवरून नाव सांगणारी उलटी नोंद करून घ्यायची. ती आपल्या हातात नसते आणि सगळ्यात जास्त हेलपाटे तिच्यासाठीच पडतात. त्यानंतर एसपीएफ, म्हणजे आमच्या नावाने कोण पाठवू शकतं त्याची जाहीर यादी. डीकेआयएम, म्हणजे प्रत्येक मेलवर सर्व्हरची सही. आणि डीमार्क, म्हणजे हे जुळलं नाही तर काय करा याची सूचना. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी हे नियम आणखी आवळले. सगळं बिनचूक केलं तरी नव्या आयपीचा मेल पहिले काही आठवडे स्पॅममध्ये जाऊ शकतो. नव्या गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी ट्रकभर माल उधार कोण देतं? थोडा थोडा मेल पाठवत राहायचं, कचरा पाठवायचा नाही, आणि वाट बघायची.

एका कारखान्याच्या मालकांनी मला वैतागून विचारलं होतं, “गेला म्हणताय, मग पोचला कसा न्हाई?” त्यांना लॉग उघडून दाखवला. तारीख, वेळ, पलीकडच्या सर्व्हरचं नाव आणि त्याने दिलेलं २५०. याच्यापुढे तो मेल त्यांच्या दारात आहे, त्यांना स्पॅमची पेटी बघायला सांगा, म्हटलं. तिथे तो सापडला. स्वतःचा सर्व्हर असण्याचा मला दिसणारा सगळ्यात मोठा फायदा हाच: कोणी काय कबूल केलं आणि केव्हा, याची सेकंदासह नोंद आपल्या हातात असते.

पण नोंद वाचायला माणूस लागतो. नियमांत आणखी एक अट आहे: मेल घेणाऱ्या प्रत्येक डोमेनवर ‘पोस्टमास्टर’ नावाचा पत्ता असलाच पाहिजे आणि त्यावरचा मेल घेतलाच पाहिजे. काही अडलं तर जगातल्या कोणालाही विचारायला एक जागा हवी म्हणून. त्यामुळे नव्या ऑफिसात कोणी सर्व्हर बसवून मागितला की मी आधी मशीन बघत नाही, पोस्टमास्टर कोण होणार ते विचारतो. रोज सकाळी दहा मिनिटं लॉग वाचणाऱ्या माणसाचं नाव मिळालं तर काम घेतो. नाव मिळालं नाही तर सांगतो की भाड्याची मेलसेवा घ्या, ती तुमच्यासाठी जास्त चांगली आहे, आणि तिचं बिल मुदतीच्या आत भरत जा.