पो, कोमो, सेन

पाविया, मंगळवार

ती. अप्पांस,


पाविया ते व्हेनिस ही मोटरबोटींची शर्यत 1929 पासूनची. तिचिनो नदीतून पो नदीत शिरायचं आणि थेट व्हेनिसची खाडी गाठायची. चारशे किलोमीटरहून जास्त अंतर. काठावर एक म्हातारे मेकॅनिक भेटले. तरुणपणी आउटबोर्ड इंजिनाची बोट कशी पळवायचे ते त्यांनी जमिनीवर गुडघे टेकून दाखवलं. बोटीत बसायला जागाच नसे. एक हात चाकावर, दुसरा थ्रॉटलवर. थ्रॉटल सुटला की इंजिन मंदावायचं. इंजिन सुरू करायला फ्लायव्हीलला दोरी गुंडाळून हिसका द्यायचा.

त्यांच्याकडे तंबाखूच्या डबीत जुन्या शिअर पिना आहेत, बोटाच्या पेराएवढ्या. पंखा वाळूत आपटला की पिन तुटायची आणि गिअर वाचायचे. मग भर शर्यतीत, ओल्या हातांनी नवी पिन बसवायची. उन्हाळ्यात पो उतरते, वाळूचे दांडे उघडे पडतात आणि पूर आला की जागा बदलतात. वळणावर आतून कापलं तर अंतर वाचतं, पण वाळू आतच साचते; खोल पाणी बाहेरच्या काठाला. आपल्या कर्ली नदीच्या मुखाशी तुम्ही आम्हाला हेच शिकवलंत. नुसत्या ताकदीच्या इंजिनाला ही नदी दाद देत नसे, म्हणून मला ही शर्यत सगळ्यांत मोठी वाटते.

कोमो, शुक्रवार

अप्पा, हा मोलिनारींचा मुलूख. वडील अँजेलो बोटी बांधायचे, मुलगा रेनातो त्या पळवायचा. दोन चिंचोळे तराफे आणि मधे बोगदा, अशी त्यांची बोट. वेग वाढला की बोगद्यात हवा कोंडते आणि बोट उचलली जाते. पाण्याशी घर्षण उरतं ते जेमतेम. हवा जास्त झाली तर मात्र नाक वर होऊन बोट मागे उलटते. कितीतरी जण असे गेले. रेनातो 1981 साली मोटरबोटींच्या फॉर्म्युला वनचा पहिला जगज्जेता झाला, पुढे 1983 आणि 1984 मध्येही. एवढं धाडस पाहून छाती दडपते, पण पोवरची ती पाणी वाचण्याची विद्या यात मागे पडली याचं वाईट वाटतं.

रुआँ, बुधवार

आता फ्रान्समध्ये आले आहे. इथली शर्यत 1964 साली सुरू झाली. सेन नदीत, भर शहरात, लाक्रुआ बेटाला चोवीस तास फेऱ्या. समुद्र लांब असूनही भरती इथवर चढते, म्हणजे शर्यत चालू असतानाच प्रवाहाचा जोर बदलायचा. बोटींच्या लाटा दगडी धक्क्यांवर आपटून उलट्या येत, आणि अंधारात वाहून आलेला ओंडका दिसत नसे. चालक आळीपाळीने बदलत. मेकॅनिकला झोप कुठली! तुम्ही अशा रात्री इंजिनांपाशीच उभे राहिला असतात.

उद्या पॅरिसला जाते. 1955 साली तिथेही सेनवर सहा तासांची शर्यत सुरू झाली होती. तो काठ पाहून लिहीन. आईला नमस्कार.

तुमची,
नंदा