चालणे आणि उठणे

माझे वय ७१. कमाटीबागेत रोज चालण्याचा नेम वीस वर्षांचा. पाय चालायला कुरकुरत नसत, पण पाटावरून उठताना सुनेचा हात लागू लागला, तेव्हा मन खट्टू झाले.

फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या, वयाबरोबर स्नायू झिजतात. मांड्यांची ताकद नुसत्या चालण्याने टिकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० मध्ये पासष्टीपुढच्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम आणि निदान तीन दिवस तोल व ताकदीचा व्यायाम सुचवला आहे. बडोद्याला हे नवे नाही. दांडिया बाजारात माणिकरावांचा आखाडा आहेच! पण बैठका म्हणजे पैलवानांचे काम, असे आम्हा बायकांना कोणी सांगितले कोण जाणे.

आता मी भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून हात न लावता दहा वेळा उठते-बसते. मग ओट्याला धरून एका पायावर उभी राहते. नात आकडे मोजते. आठानंतर मुद्दाम सावकाश, लबाड कुठली! तीन महिन्यांत उठणे सोपे झाले. पडण्याची भीती मात्र गेलेली नाही, म्हणून न्हाणीघरात दांडा बसवून घेतला. विश्वस्तांनी शाळेच्या पायऱ्यांनाही कठडा लावला, तर स्नेहसंमेलनाला आम्ही आजी-आजोबा निर्धास्तपणे येऊ.